एका अणूची प्रकाशाशी जोडणी घट्ट करायची तर: कॅव्हिटीच्या प्रयोगात नव्याने येणाऱ्यांसाठी

मोकळ्या जागेतल्या एकट्या अणूवर लेसर सोडला, तर जवळजवळ सगळे फोटॉन त्याच्या शेजारून निघून जातात. रुबिडियम-८७ चा अणू स्वतः नॅनोमीटरपेक्षाही लहान आहे. ७८० नॅनोमीटरच्या त्याच्या रेषेवर लेसर नेमका जुळवला, तर प्रकाशाच्या दृष्टीने तो ०.२९ चौरस मायक्रोमीटर एवढा मोठा होतो (तरंगलांबीच्या वर्गाची तिप्पट, भागिले २ पाय). प्रयोगातली शलाका मात्र याच्या हजारो पट क्षेत्र व्यापते. म्हणून अणू दोन अतिशय चांगल्या आरशांच्या मध्ये, म्हणजे कॅव्हिटीत, ठेवायचा आणि तोच फोटॉन त्याच्यावरून हजारो वेळा न्यायचा. कॅव्हिटी क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स या भारदस्त नावाच्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

एम.एस्सी. संपवून शीत अणूंच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये शीत अणूंवर काम चालतं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शीत अणू आणि कॅव्हिटी यांच्या जोडणीवरही काम झालं आहे. त्यामुळे हा विषय आपल्या मुलामुलींना दूरचा नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. नवा माणूस सगळी शक्ती आरशांची परावर्तकता वाढवण्यात घालवतो. प्रत्यक्षात निम्मी जोडणी आरशांत हरवत नाही. अणू चुकीच्या जागी किंवा चुकीच्या पातळीत असतो, तिथे ती हरवते.

पायरी १: आरसे मागवण्याआधी कागदावर हिशेब

एक खरी मांडणी उदाहरणाला घेऊ. जर्मनीत गार्चिंगच्या माक्स प्लांक क्वांटम ऑप्टिक्स संस्थेत गेर्हार्ड रेम्पे यांच्या गटाने अशा आकड्यांची कॅव्हिटी वर्षानुवर्षं वापरली आहे. दोन आरशांत अंतर ०.५ मिलिमीटर, प्रत्येक आरशाची वक्रता त्रिज्या ५ सेंटिमीटर, फायनेस (फोटॉन गळण्याआधी आरशांत किती फेऱ्या मारतो याचं माप, व्याख्या पायरी ३ मध्ये) ६०,०००.

पहिल्यांदा मोडची, म्हणजे आरशांमध्ये साठणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची, त्रिज्या काढा. त्रिज्येचा वर्ग = (तरंगलांबी ÷ २ पाय) × √[लांबी × (२ × वक्रता त्रिज्या − लांबी)]. उत्तर येतं २९.६ मायक्रोमीटर. मग तीन आकडे मांडा.

फोटॉन एकदा अणूवरून गेला तर अडकण्याची शक्यता किती? अणूचं क्षेत्रफळ ०.२९, मोडचं परिणामी क्षेत्रफळ (पाय × त्रिज्येचा वर्ग ÷ २) सुमारे १३७६ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे साधारण ४७०० मध्ये एक.

फोटॉन अणूवरून किती वेळा जातो? फायनेस भागिले पाय, म्हणजे सुमारे १९,१०० वेळा.

आणि अणू स्थिर लहरीच्या शिखरावर असेल, तर तिथली तीव्रता सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून आणखी २ ने गुणायचं.

गुणाकार आठाच्या जरा वर जातो. हीच कोऑपरेटिव्हिटी. उत्तेजित अणू आपला फोटॉन कॅव्हिटीत किती देतो आणि बाजूला किती सांडतो, याचं हे गुणोत्तर आहे. आठ असेल तर नऊपैकी आठ फोटॉन, म्हणजे ८९ टक्के, कॅव्हिटीत येतात. परिसर बदलला की अणूचं उत्सर्जन बदलतं, हे एडवर्ड पर्सेलने १९४६ मध्ये मांडलं होतं. त्याच्याच विचाराचं हे रूप आहे.

आता या हिशेबात काय नाही ते बघा. कॅव्हिटीची लांबी नाही. अणूचा द्विध्रुव आघूर्णही नाही, कारण बंद संक्रमणासाठी (उत्तेजित अणू जिथून आला त्याच पातळीत परततो अशा) तो क्षेत्रफळातून गळून जातो. उरतात फक्त फायनेस, मोडची त्रिज्या आणि तरंगलांबी. ‘कॅव्हिटी आखूड केली की जोडणी वाढते’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं. ते खरं आहे, पण कसं ते नीट समजून घ्या. त्रिज्या तीच ठेवून लांबी निम्मी केली, तर फोटॉन अणूवरून दर सेकंदाला दुप्पट वेळा जातो आणि दुप्पट लवकर बाहेरही पडतो. फेऱ्या तेवढ्याच राहतात. फायदा येतो तो दुसऱ्या वाटेने: वक्रता तीच ठेवून लांबी कमी केली की त्रिज्याही थोडी आक्रसते. लांबी दहापट कमी केली, तर कोऑपरेटिव्हिटी सुमारे ३.२ पट होते, दहापट होत नाही.

पायरी २: वेग तीन, आणि त्यांच्या व्याख्या दोन

वाचताना तीन अक्षरं पुन्हा पुन्हा भेटतील. जी म्हणजे अणू आणि कॅव्हिटी एकमेकांत एक फोटॉन किती वेगाने अदलाबदल करतात तो दर. कप्पा म्हणजे कॅव्हिटीतून प्रकाश गळण्याचा दर, आणि गॅमा म्हणजे अणूतून बाजूला सांडण्याचा. १९६३ मध्ये जेन्स आणि कमिंग्ज यांनी लिहिलेल्या प्रारूपात जी आहे. गळती आणि सांड या आपल्या प्रयोगशाळेच्या वास्तवातून येतात.

आपल्या उदाहरणात दोन लगतच्या अनुनादांमधलं (ज्या वारंवारितांचा प्रकाश कॅव्हिटीत साठतो त्यांच्यातलं) अंतर ३०० गिगाहर्ट्झ आहे. त्याला ६०,००० ने भागलं की रेषेची पूर्ण रुंदी ५ मेगाहर्ट्झ येते. रुबिडियमची नैसर्गिक रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ. आता सांभाळा. काही गट कप्पा आणि गॅमा म्हणजे पूर्ण रुंदी धरतात, काही अर्धी. काही जण कोऑपरेटिव्हिटी आपल्या आठाच्या निम्मी लिहितात. दोन शोधनिबंधांची तुलना करताना एकाचे आकडे दुसऱ्याच्या व्याख्येत बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. चारपटीचा घोळ सहज होतो. इथे मी अर्ध्या रुंदी धरतो आणि सगळे आकडे २ पायने भागलेले, म्हणजे साध्या हर्ट्झमध्ये देतो. कप्पा २.५ मेगाहर्ट्झ, गॅमा ३.०३ मेगाहर्ट्झ. जीचा वर्ग = कोऑपरेटिव्हिटी × कप्पा × गॅमा, म्हणून जी येतो ७.८ मेगाहर्ट्झ. जी बाकी दोघांपेक्षा मोठा आहे, म्हणून याला तीव्र जोडणी म्हणतात.

आता शेजारी दुसरी कॅव्हिटी ठेवू. कॅलटेकमध्ये जेफ किंबल यांच्या गटाकडे सीझियमसाठी ४२ मायक्रोमीटर लांबीची कॅव्हिटी होती. फायनेस ४ लाख २० हजार, मोडची त्रिज्या २३.४ मायक्रोमीटर, तरंगलांबी ८५२ नॅनोमीटर. त्याच तीन आकड्यांच्या हिशेबाने कोऑपरेटिव्हिटी १०८ येते. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ३४, ४.१ आणि २.६ मेगाहर्ट्झ या दरांमधूनही हाच आकडा निघतो. वहीत स्वतः करून बघा, विषयावर विश्वास बसतो. आठाचे १०८ कुठून झाले? फायनेसमुळे सातपट, त्रिज्येमुळे १.६ पट, तरंगलांबीमुळे १.२ पट. लांबी बारापट कमी असूनही तिचा थेट वाटा काहीच नाही.

पायरी ३: प्रकाश काढायचा आहे की कोंडायचा, हे आधी ठरवा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग महागडे आरसे कपाटात पडून राहतात.

अणूने फोटॉन कॅव्हिटीत दिला म्हणजे तो तुमच्या फायबरमध्ये आला असं नाही. आरशावर तो शोषला किंवा विखुरला जाऊ शकतो. फायनेस म्हणजे २ पाय भागिले एका फेरीतलं एकूण नुकसान. ६०,००० फायनेस म्हणजे दशलक्षात १०५ भाग नुकसान. त्यातले समजा १०० भाग बाहेर काढायच्या आरशातून मुद्दाम सोडलेले, आणि ५ भाग विखुरणं, शोषण आणि समोरच्या आरशातून निसटणं मिळून. फोटॉन हाती येण्याची शक्यता = (१०० ÷ १०५) × (८ ÷ ९), म्हणजे साधारण ८५ टक्के.

आता कोणी म्हणेल, फायनेस वाढवू. बाहेर सोडण्याचा भाग १०० वरून १० वर आणला, तर फायनेस ४ लाख १९ हजार होतो आणि कोऑपरेटिव्हिटी ५६ च्या पुढे जाते. अणू जवळजवळ प्रत्येक फोटॉन कॅव्हिटीत देईल. पण १५ पैकी १० भागच बाहेर येणार, म्हणून हाती येण्याची शक्यता घसरून ६५ टक्क्यांवर येते. जोडणी सातपट वाढली आणि उपयोग कमी झाला. ५ भाग अटळ नुकसान धरलं, तर या मोडसाठी सर्वोत्तम आकडा सुमारे ६५ भाग निघतो आणि शक्यता ८६ टक्के. म्हणजे १०० चा आरसाही जवळजवळ तेवढाच चांगला, आणि त्याला लॉक करणं, म्हणजे लांबी अनुनादावर धरून ठेवणं, सोपं.

म्हणून क्वांटम नेटवर्कसाठी, म्हणजे एका अणूची अवस्था फोटॉनवरून दुसऱ्या अणूकडे न्यायची असेल तर, एका बाजूने सैल असलेली कॅव्हिटी घ्या. २०१२ मध्ये गार्चिंगच्या गटाने २१ मीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांतले एकेक अणू ६० मीटर फायबरने जोडले, ते अशाच कॅव्हिटींच्या जोरावर. उलट एका फोटॉनने दुसऱ्या फोटॉनची वाट अडवावी असा परिणाम बघायचा असेल, तर कॅलटेकसारखी घट्ट कॅव्हिटी हवी. दोन्ही कामं एकाच जोडीकडून करून घेण्याचा मोह टाळा.

पायरी ४: आरसे हाताळणं

ज्या आरशांचं एकूण नुकसान दशलक्षात काही भागांपुरतं ठेवायचं, त्यांची काच अँगस्ट्रॉमच्या घरातल्या खडबडीतपणापर्यंत घासलेली असते आणि तिच्यावर टँटलम पेंटॉक्साइड व सिलिका यांचे थर आयन-बीम स्पटरिंगने चढवलेले असतात. मागवताना आपली तरंगलांबी, दोन्ही आरशांची वेगवेगळी पारगम्यता आणि कडांचा आकार स्पष्ट लिहा. कडा का? ७.७५ मिलिमीटर व्यास आणि ५ सेंटिमीटर वक्रता असलेल्या आरशाची कड मधल्या भागापेक्षा ०.१५ मिलिमीटर पुढे येते. असे दोन आरसे समोरासमोर आले, की मधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीची कडेला फक्त ०.२ मिलिमीटर उरते. तिथून अणू आणि लेसर आत न्यायचे आहेत. म्हणून आरसे शंकूसारखे निमुळते घासून घेतात.

पेटी उघडल्यावर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली, बाजूने प्रकाश टाकून, काळ्या पार्श्वभूमीवर बघा. चांगला आरसा तिथे दिसतच नाही, फक्त काळोख दिसतो. धुळीचा कण ताऱ्यासारखा चमकतो, आणि पुसण्याने राहिलेला ओघळ पांढुरक्या पट्ट्यासारखा. मोड मध्यावरच्या जेमतेम ६० मायक्रोमीटरच्या वर्तुळात राहतो, त्यामुळे कडेच्या कणांची चिंता नको, मधल्या कणांची करा. लेन्स टिश्यूची घडी चिमट्यात धरून, उच्च शुद्धतेच्या अॅसिटोनमध्ये किंचित भिजवून, एकाच दिशेने एकदाच ओढायची. तीच घडी पुन्हा वापरायची नाही. कण गेला नाही तर दाबायचं नाही, नवी घडी घ्यायची. हे काम घाईच्या दिवशी करू नका.

आरसे खरंच सांगितल्याइतके चांगले आहेत का, हे अंतिम मांडणीत न तपासता आधी २ सेंटिमीटरच्या तात्पुरत्या कॅव्हिटीत तपासा. कारण साधं आहे. लेसर अचानक बंद करून प्रकाश किती वेळात विझतो हे मोजायचं, तर ०.५ मिलिमीटरच्या कॅव्हिटीत तो फक्त ३२ नॅनोसेकंदांत विझतो, आणि एवढ्या झटक्यात लेसर तोडणं अवघड. २ सेंटिमीटरमध्ये तोच काळ १.२७ मायक्रोसेकंद होतो आणि साध्या अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटरने काम भागतं. अंतिम कॅव्हिटीत मग लेसरवर ठरावीक वारंवारितेच्या बाजूपट्ट्या चढवा, स्कॅनमध्ये त्याच मोजपट्टी होतात.

आरसे चिकटवताना गोंद अगदी थोडा लावा. गोंद सुकताना काच ओढतो, काचेत ताण येतो आणि दोन ध्रुवणांचे अनुनाद वेगवेगळे होतात. ५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या कॅव्हिटीत अर्ध्या मेगाहर्ट्झपर्यंतचा फरक चालून जातो. त्याहून जास्त असेल, तर ध्रुवणात माहिती साठवण्याचा प्रयोग त्या जोडीवर करू नका. आणि रुबिडियमचा डिस्पेन्सर (त्याची वाफ सोडणारा स्रोत) आरशांच्या थेट नजरेसमोर कधीच नको.

पायरी ५: लांबी धरून ठेवणं

इथे आकडाच बोलका आहे. अनुनाद एका रुंदीने सरकायला आरसा किती हलावा लागतो? तरंगलांबी ÷ (२ × फायनेस), म्हणजे ६.५ पिकोमीटर. हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या ५३ पिकोमीटर आहे. आपल्याला तर रुंदीच्या दहाव्या हिश्शात राहायचं आहे: ०.६५ पिकोमीटर.

यातून तीन गोष्टी निघतात. तापमान: अर्ध्या मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा एका अंशाला ११.५ नॅनोमीटर वाढतो, म्हणजे अर्धा मिलिकेल्विन बदल झाला तरी तुम्ही एका रेषेबाहेर. व्होल्टेज: पिझो (व्होल्टेज दिल्यावर आरसा हलवणारा तुकडा) व्होल्टला १० नॅनोमीटर हलत असेल, तर त्याच्या ड्रायव्हरमधला ६५ मायक्रोव्होल्टचा गोंगाटही सगळी मुभा खाऊन टाकतो. म्हणून पिझोच्या तारेवर चाळणी (फिल्टर) बसवा, आणि गरजेपेक्षा लांब पल्ल्याचा पिझो घेऊ नका. अनुनाद हमखास गाठायला ३९० नॅनोमीटरचा पल्ला पुरतो. कंपन: फिरणारा टर्बो पंप मोजमापाच्या वेळी बंद, आयन पंपावर काम, कॅव्हिटीखाली व्हिटॉनचे तुकडे.

लॉकसाठी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाउंड-ड्रीव्हर-हॉल पद्धतच शिका, दुसऱ्या कशात वेळ घालवू नका. पण लॉकचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा नको, तो अणूला उत्तेजित करेल. आपल्या कॅव्हिटीत अनुनाद दर ०.६१ नॅनोमीटरला येतात. सात-आठ अनुनाद दूर, ७८५ च्या आसपासचा लेसर घ्या आणि त्याची वारंवारिता रुबिडियमच्या संदर्भाशी ट्रान्सफर कॅव्हिटीने किंवा फ्रिक्वेन्सी कोंबने बांधा. त्याची शक्ती मायक्रोवॉटभरच ठेवा. आत तो वीसेक मिलिवॉटपर्यंत साठतो, आणि लाल बाजूचा असल्यामुळे तोच अणूंना आपल्या शिखरांकडे खेचतो. हे खेचणं कधी वरदान असतं, कधी डोकेदुखी. हिशेबात मात्र धरलंच पाहिजे.

पायरी ६: अणू आणणं, आणि योग्य जागी बसवणं

सुरुवात ट्रॅपशिवाय करा. कॅव्हिटीच्या ५ मिलिमीटर वर मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅपमध्ये (लेसर आणि चुंबकीय क्षेत्राच्या सापळ्यात) अणू थंड करा आणि सोडून द्या. ते सेकंदाला ०.३ मीटर वेगाने येतात आणि मोडच्या ६० मायक्रोमीटर रुंदीतून सुमारे १९० मायक्रोसेकंदांत जातात. एवढा वेळ पहिला इशारा बघायला पुरतो. तो दिसल्यावर मग अणू वाहून आणणारा डायपोल ट्रॅप, ऑप्टिकल ट्वीझर वगैरे प्रकाशाचे सापळे.

बसवण्याचा प्रश्न असा. स्थिर लहरीची शिखरं ३९० नॅनोमीटरवर एक अशी असतात आणि दोन शिखरांच्या बरोबर मध्ये जोडणी शून्य. १९५ नॅनोमीटर सरकलात की आठाचं शून्य झालं. अणू अक्षावर कुठेही बसत असेल, तर सरासरी कोऑपरेटिव्हिटी निम्मी होते. म्हणजे फायनेस निम्मा करून घेतल्यासारखंच, तेही आरशांना हात न लावता. उपाय असा की अक्षावर दुसऱ्या रंगाची ट्रॅपची लहर घालायची आणि दोन्ही लहरींची शिखरं कुठे जुळतात ती जागा निवडायची. १५६० नॅनोमीटरचा प्रकाश यासाठी सोयीचा, कारण तो ७८० च्या बरोबर दुप्पट. त्यामुळे ट्रॅपच्या प्रत्येक खोबणीला जोडणी सारखीच मिळते. ती सारखीच मोठी आहे की सारखीच शून्य, हे मात्र आरशांच्या थरांतल्या कलेवर (फेजवर) ठरतं. ते मागणी नोंदवतानाच तपासा.

मग पातळी. जी ७.८ हा आकडा फक्त एका संक्रमणाचा: एफ २, एम २ मधून एफ ३, एम ३ कडे (एफ आणि एम हे अणूच्या पातळ्यांचे क्वांटम अंक), वर्तुळाकार ध्रुवणाने. त्यासाठी चुंबकीय क्षेत्र कॅव्हिटीच्या अक्षावर हवं आणि अणू आधी त्या पातळीत पंप केलेला, म्हणजे प्रकाशाने ढकलून आणलेला, हवा. अणू एम ० मध्ये राहिला, तर त्याच प्रकाशासाठी संक्रमणाची ताकद ०.४ पट होते आणि जी ४.९ वर येतो. कोऑपरेटिव्हिटी आठाची सव्वातीन. आरसा बदलून हे परत मिळत नाही, एक कॉइल आणि एक पंप शलाका नीट लावून मिळतं.

पायरी ७: जोडणी मोजणं

सर्वांत मोठी काळजी: तपासणीचा प्रकाश फार ठेवू नका. आपल्या कॅव्हिटीत सरासरी ०.०७५ फोटॉन झाले की अणू संपृक्त व्हायला लागतो. म्हणून ०.०२ वर काम करा. रिकाम्या कॅव्हिटीतून तेव्हा १०० मायक्रोसेकंदांत ६३ फोटॉन निघतात. वाटेतलं सगळं नुकसान आणि डिटेक्टर धरून ३० टक्के मोजता आले, तर १९ टिचक्या, म्हणजे डिटेक्टरच्या नोंदी.

अणू शिखरावर आला की अनुनादावरचं पारगमन १ ÷ (१ + कोऑपरेटिव्हिटी) याच्या वर्गाएवढं होतं, आपल्यासाठी १.२ टक्के. १९ टिचक्यांच्या जागी जवळजवळ काहीच नाही. ऑसिलोस्कोपवर सपाट चाललेल्या मोजणीत एकदम खड्डा पडतो, शे-दोनशे मायक्रोसेकंद टिकतो आणि रेषा पुन्हा वर येते. एकच अणू तिथून गेला, आणि त्याने एकट्याने आरशांतला प्रकाश जवळजवळ बंद केला. हा खड्डा स्वतः डोळ्यांनी बघणं यासाठी हा सगळा खटाटोप करावा, असं मला मनापासून वाटतं.

नंतर ट्रॅप केलेल्या अणूवर तपासणीची वारंवारिता फिरवा. एका शिखराची दोन होतात, मध्ये २ × जी, म्हणजे १५.६ मेगाहर्ट्झ अंतर. प्रत्येकाची रुंदी साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ती स्वच्छ वेगळी दिसतात. प्रकाशीय कॅव्हिटीत हे दुभंगणं १९९२ मध्ये थॉम्पसन, रेम्पे आणि किंबल यांनी अणूंच्या झोतावर दाखवलं. एकाच ट्रॅप केलेल्या अणूवर ते २००४ मध्ये कॅलटेकमध्ये दिसलं.

फायनेस न वाढवता पुढे जायचं असेल तर

मोड लहान करा. फायबरच्या टोकावर कार्बन डायऑक्साइड लेसरने खळगा करून त्यावर आरशाचे थर दिले, तर वक्रता त्रिज्या १५० मायक्रोमीटरपर्यंत आणता येते. ४० मायक्रोमीटर लांबीला मोडची त्रिज्या ३.६ मायक्रोमीटर होते आणि फक्त ४०,००० फायनेसला कोऑपरेटिव्हिटी ३७० च्या पुढे. जी सव्वादोनशे मेगाहर्ट्झच्या घरात. किंमत अशी की रेषेची पूर्ण रुंदी ९० मेगाहर्ट्झच्या पुढे जाते, आणि अणू आत आणायला जागा राहत नाही. सिंगापूरमध्ये उलटी वाट धरली गेली: आरसे सुमारे ११ मिलिमीटर दूर, लांबी वक्रता त्रिज्येच्या दुपटीला अगदी टेकलेली. मध्यावर मोड खूप अरुंद होतो आणि साधे आरसेही चालतात, पण आरसा बाजूला जरासा सरकला तरी मोड हातचा जातो. नॅनोफोटॉनिक कॅव्हिटीत मोड याहून लहान, पण अणू पृष्ठभागापासून काही शे नॅनोमीटरवर धरावा लागतो. पहिल्या प्रयोगासाठी यातलं काहीही मी सुचवणार नाही.

मोजलेला जी कमी आला तर, या क्रमाने बघा

आधी पातळी: जी ४.९ च्या आसपास असेल, तर पंपिंग आणि चुंबकीय क्षेत्राची दिशा. मग ट्रॅपमुळे झालेली सरक: १ मिलिकेल्विन खोलीचा ट्रॅप मूळ पातळी २१ मेगाहर्ट्झने खाली ढकलतो. उत्तेजित पातळीची सरक वेगळी, म्हणून अणूची रेषा कॅव्हिटीपासून दूर गेलेली असते आणि दोन शिखरं असमान उंचीची दिसतात. कॅव्हिटी नव्या रेषेवर आणून ठेवा. मग जागा: अणू थंड करा, अक्षावरची लहर तपासा. मग आरसे: रेषेची रुंदी पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवसाच्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. ती वाढलेली असेल तर आरशांवर काहीतरी बसलं आहे.

आणि जी अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर आनंदी होण्याआधी अणू मोजा. दोन अणू असतील, तर दुभंगणं १.४ पट होतं. कॅमेऱ्यात एकच ठिपका दिसतो का, आणि बाहेर येणारे फोटॉन एकेकटे येतात का, हे दोन डिटेक्टरांवर ताडून घेतल्याशिवाय तो आकडा वहीत ‘एक अणू’ म्हणून लिहू नका.